भयपटातला काळोख कसा उभा करावा: नवशिक्यांसाठी प्रकाशयोजना

भयपट करायला घेतलेल्या नव्या मंडळींची पहिली चूक बहुधा एकच असते. दिवे कमी केले की सीन भीतीदायक होतो, असं त्यांना वाटतं. शूटिंगच्या रात्री छोट्या मॉनिटरवर तो काळोख झकास दिसतो. एडिटिंगला बसल्यावर मात्र चेहरा राखाडी चिखलात बुडालेला असतो, भिंतीवर दाणे (कमी उजेडामुळे चित्रात उमटणारे ठिपके) वळवळत असतात आणि नेमकं काय बघायचं तेच कळत नाही. ज्याला काहीच दिसत नाही तो प्रेक्षक घाबरत नाही, कंटाळतो.

पडद्यावरचा काळोख प्रकाशानेच रचावा लागतो. चौकटीत थोडं काही स्वच्छ दिसलं पाहिजे, आणि जिथे दिसणं थांबतं ती कडही दिसली पाहिजे. ‘इथवर दिसतंय, त्याच्या पलीकडे काय असेल?’ हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आणणं हे प्रकाशयोजनेचं काम. पुढची सगळी मापं आणि पायऱ्या त्यासाठीच आहेत.

माणूस का घाबरतो, हे आधी

प्रकाश वरून येतो असं धरूनच आपला मेंदू आकार वाचतो. सूर्य वर, आभाळ वर, घरातला दिवाही बहुतेक वेळा वरच. त्यामुळे उजेड खालून आला की ओळखीच्या चेहऱ्याचे उंचवटे-खळगे उलटेपालटे होतात. नाकाची सावली कपाळाकडे चढते, हनुवटी उजळते आणि रोजचा चेहरा परका वाटायला लागतो. डोळ्यांचं महत्त्व तर याहून मोठं. समोरच्याची नजर कुठे आहे त्यावरून आपण त्याच्या मनात काय आहे ते ताडतो. डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरला की हा अंदाज बांधता येत नाही, आणि पोटात गोळा येतो तो त्यामुळे.

अंधारात दचकणंही वाढतं. एकच मोठा आवाज उजेडात आणि अंधारात ऐकवून केलेल्या प्रयोगांत, अंधारात माणसं जास्त जोरात दचकतात असं आढळलं आहे. म्हणजे काळोखाचा सीन हा पुढच्या धक्क्यासाठी शरीर ताणून ठेवतो. शिवाय अर्धवट आकारात चेहरा शोधायची मेंदूला खोड आहे. खुंटीवरचा कोट रात्री माणूस वाटतो तो म्हणूनच. प्रेक्षकाला अर्धाच आकार द्या, उरलेला तो स्वतः भरतो, आणि तो भरलेला अर्धा भाग तुमच्या मेकअपपेक्षा भयंकर असतो.

सामान

सुरुवातीला एक साधारण ६० वॅटचा, पिवळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रंग बदलणारा एलईडी दिवा पुरतो. जोडीला एक रंगीत एलईडी ट्यूब, दोन-तीन साधे तारेचे बल्ब आणि त्यांच्यासाठी डिमर. दिवा घेताना त्याची रंग-अचूकता, म्हणजे सीआरआय, ९५ किंवा त्याहून जास्त आहे ना ते बघा. स्वस्त एलईडीत हिरवट झाक असते आणि ती मंद उजेडात त्वचेवर फार वाईट उठते.

दिव्यांपेक्षा जास्त पैसे आणि लक्ष काळ्या सामानावर घाला. दोन-तीन मीटर लांबीचं जाड काळं कापड, दिव्याभोवती गुंडाळायची काळी ॲल्युमिनिअम फॉईल, एका बाजूने काळे केलेले थर्माकोलचे तक्ते, आणि प्रकाश कापायला पुठ्ठ्याचे किंवा कापडाचे कटर. उजेड मऊ करायला बटर पेपर, रंगासाठी जिलेटिन कागद, कापडी टेप आणि तीन-चार मजबूत स्टँड. भयपटाच्या सेटवर अर्धा वेळ दिवे लावण्यात जातो आणि अर्धा वेळ नको तिथे पडलेला उजेड अडवण्यात, तेव्हा कटर कमी पडू देऊ नका. फॉईल गुंडाळताना एलईडीच्या पंख्याची जाळी मोकळी ठेवा. तारेचे आणि हॅलोजन दिवे भाजतात, त्यांना कापड किंवा कागद चिकटू देऊ नका.

पायरी १: जागा आधी उजेडात दाखवा

हे काम पटकथेच्या टप्प्यावरच करायचं. ज्या खोलीत रात्री घाबरवायचं आहे ती खोली त्याआधी एकदा साध्या, सगळं दिसेल अशा उजेडात दाखवा. कपाट कुठे आहे, आरसा कुठे, आतल्या खोलीचं दार कुठे उघडतं, हे प्रेक्षकाच्या डोक्यात बसू द्या. मग रात्रीच्या सीनमध्ये त्या कोपऱ्यात काळोख असला तरी ‘तिथे दार आहे’ हे त्याला आठवतं आणि नजर तिकडेच जाते. ही तयारी केली नाही तर काळोख हा नुसता काळा रंग उरतो.

पायरी २: उजेड कुठून येतोय ते ठरवा

खिडकीतून चांदणं, टेबलावरचा दिवा, मोबाईलचा पडदा, दाराच्या फटीतून येणारी तिरीप. कथेत यांपैकी कोणता उजेड आहे ते कागदावर लिहा, आणि मग तुमचा खरा दिवा त्याच दिशेला, चौकटीबाहेर ठेवा. टेबलावरचा दिवा चौकटीत दिसत असेल तर त्याच्यावरच चेहरा उजळायची जबाबदारी टाकू नका. चेहऱ्यापुरता उजेड मिळेपर्यंत बल्ब वाढवला तर तो दिवा चौकटीत नुसता पांढरा गोळा दिसतो. बल्ब मंद ठेवा, आणि त्याच बाजूने, त्याच उंचीवरून, त्याच पिवळेपणाचा मऊ उजेड एलईडीने चेहऱ्यावर द्या. इथे एक बारकावा: तारेचा बल्ब डिमरवर मंद केला की तो आणखी तांबूस होतो. एलईडी बहुधा होत नाही. तेव्हा दोन्ही जुळवायचे तर एलईडी ३२०० केल्व्हिनवरून (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका लहान तितका उजेड तांबूस) २७०० किंवा त्याखाली आणावा लागतो.

पायरी ३: सगळे दिवे बंद करा, मग एकच लावा

जागेतले सगळे दिवे विझवा, खिडक्या झाका, आणि कॅमेऱ्यातून बघा. खरोखर मिट्ट काळोख झाला का? दाराखालून, फ्रीजच्या लहान दिव्यातून, मॉनिटरच्या पडद्यावरून येणारा उजेड आता दिसेल. तो आधी अडवा. मग मुख्य दिवा एकटाच लावा आणि निदान दोन मिनिटं दुसरा लावू नका. पुष्कळदा एवढ्यावरच सीन उभा राहतो. दुसरा दिवा लावायचाच असेल तर तो काय दाखवणार आहे हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

पायरी ४: अंतराने काळोख तयार करा

हा भाग नीट समजून घ्या, कारण भयपटाची निम्मी कारागिरी इथे आहे. लहान दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणं). तिप्पट झालं की नववा हिस्सा.

समजा चेहऱ्याच्या २ मीटर मागे भिंत आहे. दिवा चेहऱ्यापासून २ मीटरवर ठेवला तर भिंत दिव्यापासून ४ मीटरवर, म्हणजे चेहऱ्यापेक्षा फक्त दोन स्टॉप अंधारी. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता येईल. आता दिवा पुढे आणा, चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर, आणि चेहरा आधीइतकाच राहील इतपत मंद करा. भिंत आता अडीच मीटरवर आहे. चेहऱ्याच्या पाचपट अंतर, म्हणजे उजेड पंचविसावा हिस्सा, साडेचार स्टॉपहून जास्त फरक. भिंत जवळजवळ गायब. दिवा तोच, खोली तीच, फक्त तो दीड मीटर पुढे सरकला.

याची दुसरी बाजूही आहे. दिवा इतका जवळ असताना नटाने डोकं वीस सेंटिमीटर पुढे नेलं तरी चेहरा एकदम भडक होतो. म्हणून जवळचा दिवा स्थिर बसलेल्या माणसासाठी ठेवा. चालणाऱ्या माणसासाठी दिवा लांब न्या आणि भिंतीवरचा उजेड कटरने कापा.

पायरी ५: दिशा

चेहऱ्याच्या अगदी बाजूने, ९० अंशांवरून उजेड आला की अर्धा चेहरा दिसतो, अर्धा जातो. हे सर्वांत भरवशाचं आणि सर्वांत कमी बटबटीत. दिवा आणखी मागे, ११०-१२० अंशांवर नेला की फक्त गालाची आणि जबड्याची कड उजळते. डोक्यावरून सरळ खाली येणारा उजेड डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतो. हनुवटी जरा खाली करायला सांगितली की परिणाम आणखी वाढतो.

खालून येणाऱ्या उजेडाबाबत हात आखडता घ्या. हनुवटीखाली धरलेली टॉर्च आता लहान मुलांच्या खेळातली वाटते, कारण तो उजेड कडक असतो, फार जवळून येतो आणि त्याला कथेत कारण नसतं. कारण द्या: मांडीवरचा लॅपटॉप, पाण्यावरून परतणारा उजेड, चूल, पायऱ्यांच्या खालच्या टोकाशी असलेला दिवा. दिवा सरळ खाली न ठेवता समोर ३०-४५ अंश खाली ठेवा, वर बटर पेपर लावा, आणि नेहमीच्या चेहऱ्यापेक्षा एक स्टॉप मंद ठेवा. प्रेक्षकाला ‘खालून लाईट मारलाय’ असं जाणवलं नाही, तरच तो चेहरा त्याला विचित्र वाटेल.

डोळ्यातला तो पांढरा ठिपका विसरू नका. ज्याच्या बाजूने प्रेक्षकाने असावं त्याच्या डोळ्यात ठिपका ठेवा, त्यासाठी कॅमेऱ्याजवळ अगदी मंद लहान दिवा पुरतो. ज्याची भीती वाटावी त्याच्या डोळ्यातला ठिपका काढा. एकाच पात्राचा ठिपका सीनच्या मध्यावर गेला तर प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण त्या माणसात काही बदललंय हे त्याला कळतं.

पायरी ६: उजळ बाजू आणि काळी बाजू

चेहऱ्याच्या उजळ आणि काळ्या बाजूत किती फरक ठेवायचा ते आकड्यात ठरवा. २:१ म्हणजे एक स्टॉप, घरगुती गप्पांचा सीन. ४:१, दोन स्टॉप, गंभीर सीन. ८:१ म्हणजे तीन आणि १६:१ म्हणजे चार स्टॉप, इथे भयपटाचा मुलूख सुरू होतो. सगळा सिनेमा १६:१ वर ठेवला तर डोळा सरावतो आणि पुढे भीतीसाठी काही उरत नाही. सुरुवात ४:१ वर करा आणि संकट जवळ येईल तसतसं वाढवत न्या.

फरक वाढवायचा तर मुख्य दिवा वाढवू नका, काळी बाजू आणखी काळी करा. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत एका दिव्याचा उजेड चहूकडून परतून सावल्या भरून टाकतो आणि नवशिके तिथेच हरतात. चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला, चौकटीच्या अगदी कडेपर्यंत, काळं कापड आणा. अर्ध्या मीटरवर आणलेलं कापड बाजू चांगलीच बुडवतं, दोन मीटरवर त्याचा जेमतेम उपयोग होतो.

पायरी ७: माणूस मागच्या काळोखापासून सोडवा

काळे केस, काळी भिंत, गडद कपडे: डोकं आणि पार्श्वभूमी एकच होतात. यावर सरसकट मागून भडक बॅकलाईट मारण्याची सवय आहे, पण मग पात्र गाण्यात उभं असल्यासारखं दिसतं. त्याऐवजी मागची भिंतच थोडी उजळा. पात्राच्या काळ्या बाजूमागे मंद उजेडाचा एक पट्टा, त्याच्या उजळ बाजूमागे काळोख. आकार आपोआप सुटतो. फक्त आकृतीच दाखवायची असेल तर पार्श्वभूमी माणसापेक्षा निदान तीन स्टॉप उजळ हवी. दोन स्टॉपवर कपड्याच्या सुरकुत्या दिसत राहतात आणि गूढपणा जातो.

सावली मोठी करायची असेल तर

सावलीचं गणित सोपं आहे. दिव्यापासून भिंतीचं अंतर भागिले दिव्यापासून माणसाचं अंतर, तेवढ्या पट सावली. दिवा माणसापासून १ मीटरवर आणि भिंतीपासून ४ मीटरवर असेल तर सावली चौपट. पण माणूस भिंतीपासून जितका दूर तितकी सावलीची कड विरघळते. कड धारदार हवी तर उजेड लहानशा ठिपक्यातून आला पाहिजे: एलईडीवरचा मऊ करणारा डबा, बटर पेपर सगळं काढून टाका, उघडा दिवा वापरा. आणि सावलीच्या भिंतीवर दुसरा कुठलाही उजेड पडता कामा नये, नाहीतर ती राखाडी होते. मूकपटांच्या काळापासून हे हत्यार चालत आलं आहे. १९२० च्या ‘डॉ. कॅलिगारी’त सावल्या आणि कवडसे सेटवर चक्क रंगवलेले होते, आणि १९२२ च्या ‘नोस्फेरातू’त जिन्याच्या भिंतीवरून चढणारी नखांची सावली आजही अंगावर काटा आणते, त्या शॉटमध्ये ते पिशाच्च स्वतः दिसतही नाही.

दाराखालची फट: एक शॉट जवळून

अंधारी खोली, समोर बंद दार, दाराखाली उजेडाची पट्टी, आणि त्या पट्टीत दोन पायांच्या सावल्या येऊन थांबतात. हा शॉट साधा वाटतो आणि हमखास बिघडतो.

दाराखाली दीड-दोन सेंटिमीटरची फट हवी. दाराच्या पलीकडे साधारण दोन मीटरवर दिवा थेट जमिनीवर ठेवा. स्टँडवर ठेवलात तर उजेड फटीतून तिरपा खाली येऊन उंबऱ्यापाशीच संपतो. जमिनीवरून आला तर पट्टी कॅमेऱ्याकडे लांब पसरते. दाराच्या बाकीच्या फटी, कुलपाचं भोक, वरची झिरी, सगळं मागून काळ्या टेपने बंद करा. ‘पाय’ असलेल्या माणसाला दारापासून वीस-तीस सेंटिमीटरवर उभं करा. तो दिव्याजवळ उभा राहिला तर सावल्या पसरट आणि अंधुक होतात, पाय म्हणून ओळखू येत नाहीत. दोन पायांत वीतभर तरी अंतर हवं, नाहीतर एकच काळा ठोकळा दिसतो.

कॅमेरा खाली, जमिनीपासून ३०-४० सेंटिमीटरवर. फरशी ओल्या कापडाने पुसून घेतली की पट्टी तिच्यात परावर्तित होते आणि उजेड अंगावर येतो आहे असं वाटतं. तारांवर टेप मारा, ओल्या फरशीजवळ विजेचं काहीही उघडं ठेवू नका. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, पट्टीवर ठरवा, दारावर नाही. दाराचा आकार जेमतेम कळला तरी चालेल, पहिल्या पायरीत तुम्ही ते दाखवलेलंच आहे. सावल्या आल्यावर चार-पाच सेकंद काहीही घडू देऊ नका. त्यानंतर पाय परत गेले तर प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. दिवाच विझला तर त्याच्या काळजाचा ठोका चुकतो, कारण आता पाय आहेत की गेले हे कळायचा मार्ग संपला.

टॉर्चचा सीन

टॉर्च मारली की भिंतीवर पांढराफटक गोळा आणि बाकी ठार काळोख, अशी गत होते. काचेवर बटर पेपरचे एक-दोन थर लावून तिचा मधला भडकपणा मोडा. टॉर्च धरणाऱ्याचा चेहरा दिसत नाही ही दुसरी अडचण. त्याच्या समोरच्या भिंतीवर, चौकटीबाहेर, पांढरा थर्माकोल लावा आणि त्याला मधूनमधून तिकडे टॉर्च फिरवायला सांगा. परतलेला उजेड चेहऱ्यावर येतो-जातो आणि तो खरा वाटतो. हवेत किंचित धूर असेल तर टॉर्चचा झोत दिसतो, पण किंचितच. धूर जास्त झाला की सगळा काळा रंग राखाडी होतो आणि सकाळचं धुकं पडल्यासारखं वाटतं. धूर सोडून पंख्याशिवाय एक-दोन मिनिटं पसरू द्या, आणि दर टेकला तेवढाच आहे ना हे बघा, नाहीतर एडिटिंगमध्ये शॉट जुळणार नाहीत. अधूनमधून खोली हवेशीर करा.

कॅमेऱ्यावरचे आकडे

काळोखाच्या सीनमध्ये डोळ्यावर विश्वास ठेवू नका. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि सरावलेल्या डोळ्याला मॉनिटर उगाचच उजळ दिसतो. वेव्हफॉर्म लावा, म्हणजे चौकटीतला उजेड ० (काळा) ते १०० (पांढरा) या मापावर दाखवणारा आलेख. साधारण अंदाज असा: चेहऱ्याची उजळ बाजू ३० ते ४०, काळी बाजू ८ ते १२, गडद काळोख २-३, आणि चौकटीत कुठेतरी एखादा ठिपका ८० च्या वर. लॉगमध्ये (फिकट, सपाट चित्र देणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये) शूट करत असाल तर हे आकडे रेक ७०९ चा लट (LUT), म्हणजे चित्र नेहमीच्या पडद्यासारखं दाखवणारं रूपांतर, लावून बघा.

तो ८० च्या वरचा ठिपका चैन म्हणून ठेवायचा नाही. दिव्याची ज्योत, दाराची कड, काचेवरची चमक, काहीही चालेल, पण एखादी गोष्ट खरोखर उजळ असल्याशिवाय डोळा बाकीच्याला काळं मानत नाही. सगळंच १५-२० च्या दरम्यान असेल तर चित्र अंधारं न दिसता मळकट दिसतं.

आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) वाढवून काळोख शूट करण्यापेक्षा सेटवर जास्त उजेड घेऊन, फरक तोच ठेवून, नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटनंतर रंग-उजेड ठरवताना, अर्धा-एक स्टॉप खाली आणणं केव्हाही चांगलं. दाणे काळोखात बसतात आणि दिसत नाहीत. शक्य असेल तर १० बिटमध्ये रेकॉर्ड करा, त्यात उजेड-रंगाच्या छटा जास्त टिपल्या जातात. ८ बिटमध्ये भिंतीवरचा हळूहळू विरणारा उजेड पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो.

दिव्यांचं लुकलुकणं दोन मिनिटांत तपासता येतं. शटर (प्रत्येक फ्रेम किती सेकंद उजेड घेते ते) १/१००० करा. आडवे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा जपून वापरायचा. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. २४ फ्रेमवर शूट करताना ५० हर्ट्झच्या ठिकाणी शटर अँगल (हाच वेळ अंशांत मोजायची पद्धत) १७२.८ अंश ठेवला की बरोबर १/५० येतो.

रंग

रात्र निळी का? पौर्णिमेचं चांदणं म्हणजे सूर्याचाच परतलेला उजेड, तो प्रत्यक्षात निळा नसतो. पण मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात आणि उरलेल्या पेशी निळ्या-हिरव्या भागाला जास्त संवेदनशील असतात, त्यामुळे लाल रंग काळपट होतो आणि सगळं निळसर भासतं. १९ व्या शतकात पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने हे टिपलं. पडद्यावरची निळी रात्र त्या अनुभवावर उभी आहे, म्हणूनच ती फार गडद निळी केली की खोटी वाटते. घरात पिवळा दिवा ३२०० वर, खिडकीबाहेरचा ‘चंद्र’ ५६०० वर आणि कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स (कॅमेऱ्याने कोणता उजेड पांढरा मानायचा ते) ४३०० वर ठेवून बघा. आतला उजेड थोडा उबदार, बाहेरचा थोडा गार, आणि दोन्ही पटण्यासारखे. पिवळा दिवा विझला की पात्र त्या गार उजेडात एकटं पडतं. हा बदल फार प्रभावी आहे, एका सिनेमात दोनदापेक्षा जास्त वापरू नका.

हिरवट उजेड त्वचेला आजारी करतो. थोडी झाक दिली तरी पुरे, दवाखान्यासारख्या निर्जीव जागांना ती शोभते. लाल उजेड वापरताना वेव्हफॉर्मवर लाल, हिरवा, निळा वेगवेगळे बघा. एकूण उजेड कमी दिसत असतानाच लाल वाहिनी फुटलेली, म्हणजे वरच्या मर्यादेला टेकलेली, असते, आणि चेहरा नाक-डोळे नसलेला लाल डाग होतो. लालमध्ये थोडा पांढरा मिसळा, किंवा चेहऱ्याच्या एका कडेला मंद साधा उजेड द्या.

हलणारा उजेड

प्रेक्षकाची नजर चौकटीतल्या सर्वांत उजळ आणि हलत्या जागेकडे जाते. धक्का कुठून द्यायचा हे त्यावरून ठरवा. उजळ दारावर नजर खिळवून ठेवा आणि उलट्या बाजूच्या काळोखात काही हलवा, किंवा तेच उजळ दार इतका वेळ रिकामं ठेवा की तिथे आता काही येणार नाही असं वाटायला लागेल.

हळू मंद होणारा उजेड हे कमी वापरलेलं पण उत्तम साधन आहे. संवाद चालू असताना वीस-तीस सेकंदांत मागची खोली एक-दीड स्टॉप खाली आणा. बहुतेकांच्या ते लक्षात येत नाही, फक्त अस्वस्थता वाढते. त्याच शॉटच्या मध्ये कट केलात तर मात्र फरक उघडा पडतो, म्हणून तो शॉट सलग ठेवायची तयारी असेल तरच करा.

लुकलुकणारा दिवा एलईडीतल्या तयार इफेक्टवर सोडू नका. त्याची लय दोन-तीन सेकंदांनी परत येते आणि प्रेक्षक ती ओळखतो. हाताने डिमर फिरवा: दोन झटके, मोठा विराम, एक अर्धवट झटका, पुन्हा विराम. भीती त्या विरामात असते. झगमगणारा उजेड सेकंदाला तीन झोतांच्या आत ठेवा, आणि गडद लाल झोत टाळाच. प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना त्याने झटका येऊ शकतो. त्याहून वेगवान काही ठेवायचंच असेल तर सिनेमाच्या आधी स्पष्ट सूचना द्या, आणि सेटवरच्या लोकांनाही आधी विचारा.

काळोखातून एकदम भडक उजेडात कट केला तर प्रेक्षकाचे डोळे क्षणभर दिपतात. पुढे जे दाखवायचं ते त्या क्षणानंतर दाखवा, नाहीतर नेमका महत्त्वाचा शॉट वाया जातो.

भर दिवसाची भीती

लख्ख उजेडातही माणूस घाबरतो, पण तिथे कारण वेगळं: लपायला जागा नाही आणि मदतीलाही कुणी नाही. सावल्या शक्य तितक्या मऊ करा, एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप वर घ्या, आभाळ पांढरं पडू द्या, रंग थोडे उतरवा. मग चौकट मोठी ठेवून दूरवर एक माणूस उभा करा. इथे काळोखाचं काम रिकामी जागा करते.

दिवसा शूट करून रात्र दाखवायची असेल तर सूर्य पात्राच्या मागे ठेवा, आभाळ चौकटीतून काढा, व्हाईट बॅलन्स ३२०० करा आणि दोन स्टॉप कमी घ्या. आभाळ दिसलं की फसवणूक उघडी पडते, त्याला ग्रेडिंगमध्ये उपाय नाही.

पडदा

चित्रपटगृहाच्या पडद्याची प्रमाणित उजळता ४८ निट्स असते, तीही काळोख्या सभागृहात. मोबाईल त्याहून कितीतरी उजळ असतो, पण तो उजेड असलेल्या खोलीत, काचेवर खिडकीचं प्रतिबिंब पडलेलं असताना बघितला जातो. त्यामुळे वेव्हफॉर्मवर ५ च्या खाली ठेवलेलं काहीही मोबाईलवर नाहीसंच होतं. कथेसाठी ज्याची गरज आहे ते निदान १० च्या वर ठेवा. इंटरनेटवर चढवताना फाईल दाबली जाते आणि गडद भागात चौकोन उमटतात. ग्रेडिंगच्या शेवटी अगदी बारीक दाणे घातले तर ते बरेच झाकले जातात. फाईल चढवून, मोबाईलवर, दिवसा, एकदा शेवटपर्यंत बघाच.

आणि एक चाचणी. गोष्ट माहीत नसलेल्या दोन-तीन जणांना सीन आवाज बंद करून दाखवा, आणि तुम्ही पडद्याकडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. नजर तुम्ही ठरवलेल्या कोपऱ्यात गेली का? डोळे बारीक करून पुढे झुकले तर उजेड कमी आहे. हातातल्या दुसऱ्या कशाकडे लक्ष गेलं तर चौकटीत प्रश्नच उभा राहिलेला नाही. मग पुन्हा पायरी ३ पासून सुरू करा, एकाच दिव्यानिशी.